पाच लाखांचं कार्ड असूनही बिल का भरावं लागतं?

प्रश्न असा आलाय: वडिलांना हार्टचा त्रास झाला, बायपास करावी लागली, राज्य सरकारच्या फुले आरोग्य योजनेचं पाच लाखांचं कार्ड होतं, हॉस्पिटलसुद्धा योजनेतलंच, तरी वरचे पावणेदोन लाख भरावे लागले आणि त्यातले निम्मे व्याजाने काढले. मग सरकार विम्याची रक्कम वाढवत बसण्यापेक्षा हॉस्पिटलांच्या दरांनाच लगाम का घालत नाही?

मी बरीच वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगला आणि नंतर टीपीए डेस्कला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्यांकडे) होते, आता पुण्यात लोकांचे अडकलेले क्लेम बघते, त्यामुळे दोन्ही बाजूंची कागदपत्रं रोज हातात असतात. सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

विम्याची रक्कम वाढवायला सरकारला कुणाशी भांडावं लागत नाही, दर ठरवायला लागतं. खरं कारण एवढंच आहे. दीड लाखाचे पाच लाख केले की आकडा होर्डिंगवर जातो, लोक खूश होतात, विमा कंपनीला प्रीमियम मिळतो, हॉस्पिटलांनाही पेशंट मिळतात. पण पित्ताशयाच्या ऑपरेशनला या शहरात जास्तीत जास्त एवढेच घ्यायचे असं कुणी म्हणून बघा, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या संघटनांचं निवेदन येतं आणि तिसऱ्या दिवशी ओपीडी बंद. त्यात आपल्याकडे तालुक्याच्या राजकारणात डॉक्टर मंडळींचं वजन असतं, आणि कितीतरी पुढाऱ्यांची स्वतःची ट्रस्टची हॉस्पिटलं आणि मेडिकल कॉलेजं आहेत. ज्यांनी दर बांधायचे त्यांचेच हितसंबंध बिलात असतील तर तो विषय पत्रिकेवर येणार कसा?

राजस्थानात हे अगदी उघड दिसलं. तिथल्या सरकारने २०२३ मध्ये चिरंजीवी या आरोग्यविमा योजनेचं कव्हर दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर नेलं, त्यावर कुणी रस्त्यावर आलं नाही. पण त्याच वर्षी मार्चमध्ये आरोग्य हक्क कायदा केला, म्हणजे इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला खाजगी हॉस्पिटलनेही पैसे न मागता आधी उपचार द्यायचे, तेव्हा राज्यभर खाजगी डॉक्टरांनी कामबंद केलं आणि एप्रिलमध्ये सरकारला तडजोड करून पन्नासपेक्षा कमी बेडची हॉस्पिटलं बाहेर ठेवावी लागली. डॉक्टरांचा मुद्दा सगळा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, त्या उपचाराचे पैसे सरकार कधी आणि किती देणार हा प्रश्न रास्तच होता. पण पंचवीस लाखांना टाळ्या आणि इमर्जन्सीच्या एका कलमाला संप, यातून राजकारण्यांनी काय शिकायचं ते शिकले.

आपल्याकडेही तेच झालंय, फक्त आवाज कमी. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ ला राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. तोपर्यंत पिवळं आणि केशरी रेशनकार्ड होतं, दीड लाखांचं कव्हर होतं. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की सगळ्यांना, पांढऱ्या कार्डवाल्यांनासुद्धा, पाच लाख. आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं. सरकारं बदलली, नाव बदललं, रक्कम वाढली, आजारांची यादी वाढली, आणि या योजनेने खरंच लाखो लोकांचं भलं केलंय हे मी डेस्कवर बसून पाहिलंय, डायलिसिसवाल्या पेशंटला विचारा. पण पॅकेजमधला दर हॉस्पिटलला परवडतो का आणि नसेल तर हॉस्पिटल ती तूट कुणाकडून भरून काढणार, यावर निवडणुकीत एक भाषण ऐकलंय का तुम्ही?

तूट तुमच्या वडिलांसारख्यांकडून भरून निघते. हे नेमकं कसं होतं ते सांगते, कारण बाहेरून दिसत नाही. हॉस्पिटलचं म्हणणं असतं की योजनेचे दर वर्षानुवर्षं हलत नाहीत आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात. मग योजनेचे बेड थोडेच ठेवले जातात आणि ते 'फुल' असतात. पेशंट रात्री छातीत दुखतंय म्हणून आलेला असतो, त्याला दुसरीकडे न्यायची कुणाची हिंमत नसते, मग सांगतात की आत्ता कॅशवर घ्या, योजनेत नंतर बसवू. किंवा योजनेत घेतात आणि सांगतात की हे सामान योजनेतलं साधं आहे, चांगलं हवं तर फरक भरा, किंवा स्पेशल रूम घ्या. आणि एका कागदावर सही घेतात, 'आम्ही स्वखुशीने योजनेबाहेर उपचार घेत आहोत' अशा अर्थाची. ती सही कुठल्या अवस्थेत होते हे मला माहीत आहे, आत बाप झोपलाय, बाहेर मुलगा फोनवर पैसे जमवतोय, कागद वाचायला वेळ आणि डोकं कुणाचं असतं? पण नंतर तक्रार केली की तोच कागद पुढे येतो. योजनेत मंजूर झालेल्या पेशंटकडून त्या पॅकेजमधल्या गोष्टींचे पैसे घेता येत नाहीत, तपासण्या, औषधं, इम्प्लांट, जेवण हे सगळं आत धरलेलं आहे, आणि इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी घ्यायची सोयसुद्धा आहे. हे आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, माहीत असतं, डॉक्टरांना माहीत असतं, पेशंटच्या घरच्यांना माहीत नसतं.

आता ज्यांना वाटतं की सरकारी योजनेचं असंच असतं, आपली स्वतःची पॉलिसी आहे, त्यांच्यासाठी एक बिल मांडून दाखवते. समजा तीन लाखांची जुनी पॉलिसी आहे, रूमचं लिमिट रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. हॉस्पिटलात रूम मिळाली ६,००० ची, पाच दिवस राहिलात, बिल २,४०,००० झालं. त्यात रूम ३०,०००. सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग, व्हिजिट मिळून १,२०,०००. आणि औषधं, तपासण्या, सामान ९०,०००. लोकांना वाटतं रूमचे वरचे १५,००० आपण भरू, बाकी कंपनी देईल. तसं होत नाही. रूम तुमच्या हक्काच्या दुप्पट घेतली म्हणून सर्जनपासून नर्सिंगपर्यंतचंही निम्मंच मंजूर, म्हणजे ६०,०००. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लावता येत नाही, आयसीयूच्या चार्जेसलाही नाही, हे आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, २०२० पासून स्पष्ट केलंय, तरी लावलेली मी बघते म्हणून सांगते, सेटलमेंट लेटर नीट वाचा. त्या ९०,००० मधून ग्लोव्हज, मास्क, किट असं नॉन-मेडिकल म्हणून समजा ९,००० गेले. म्हणजे कंपनीने दिले १५,००० अधिक ६०,००० अधिक ८१,०००, एकूण १,५६,०००. तुमच्या खिशातून ८४,०००. पॉलिसीतले दीड लाखाच्या आसपास अजून शिल्लक आहेत आणि तुम्ही ८४,००० भरून घरी चाललाय. लोक डेस्कवर येऊन भांडतात की तीन लाखांची पॉलिसी आहे ना, मग? पॉलिसीवर लिहिलेली ती रक्कम फक्त कमाल मर्यादा आहे, बिल कसं बनतं त्याच्याशी तिचा काही संबंध नाही.

आणि गोम तिथेच आहे, की सर्जनचा, नर्सिंगचा, ओटीचा चार्ज रूमच्या दर्जावर का बदलावा? जनरल वॉर्डातल्या हर्नियाला आणि डिलक्समधल्या हर्नियाला जाळी तीच, टाके तेच, सर्जन तोच. पण बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रूमची कॅटेगरी टाकली की सगळ्या ओळी आपोआप बदलतात. अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर 'मेडिक्लेम आहे का?' हा प्रश्न इतक्या लवकर का येतो ते आता लक्षात येईल. एकाच ऑपरेशनचे कॅशवाल्याला, कॅशलेसवाल्याला, कंपनीशी करार (एमओयू) असलेल्याला आणि योजनेतल्या पेशंटला वेगवेगळे दर असतात, आणि यातला खरा खर्च कुठला हे हॉस्पिटल कुणालाच सांगायला बांधील नाही.

कंपन्या आणि हॉस्पिटलं यांची यावरून मारामारी जुनी आहे. जुलै २०१० मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्लीसारख्या शहरांतल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांचं कॅशलेस बंद केलं होतं, बिलं फुगवतात म्हणून, आणि मग पीपीएन आलं, म्हणजे ठरलेल्या पॅकेजला तयार असलेल्या हॉस्पिटलांचं नेटवर्क. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी बातमी येते की अमुक कंपनीचं कॅशलेस अमुक हॉस्पिटलांत बंद. दोघांच्या भांडणात पेशंटला आधी रोख भरून नंतर रिएम्बर्समेंटच्या मागे पळावं लागतं. दर आधीपासून जाहीर आणि सगळ्यांना सारखा असता तर भांडायला उरलं काय असतं?

प्रीमियमवरचा जीएसटीचा विषयही याच चष्म्यातून बघा. १८ टक्के जीएसटी होता. जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरींनी नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं की आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा हा कर काढा, मग विरोधकांनी संसदेबाहेर निदर्शनं केली, आणि शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला. चांगलंच झालं, मी स्वतः त्याच्या बाजूने होते. पण या विषयावर सत्ताधारी आणि विरोधक एका सुरात बोलू शकले कारण त्यात हॉस्पिटलच्या बिलाला कुणी हात लावत नव्हतं. बिलं अशीच वाढत राहिली तर वाचलेला कर दोन-तीन रिन्युअलमध्ये प्रीमियमच्या वाढीत जिरून जाईल. ज्येष्ठांच्या प्रीमियमवर आयआरडीएआयने जानेवारी २०२५ मध्ये बंधन घातलं की विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवायचा नाही, त्याने आजी-आजोबांना श्वास घ्यायला जागा मिळाली, पण कंपनीला क्लेमचा खर्च तसाच पडत असेल तर ती वसुली तरुणांच्या पॉलिसीतून किंवा क्लेमच्या कात्रीतून करणार.

दर बांधताच येत नाहीत असं जे सांगतात त्यांना दोन गोष्टी आठवून द्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, स्टेंटची किंमत बांधली. औषध लावलेला स्टेंट, ज्याची छापील किंमत सरासरी सव्वा लाखाच्या आसपास होती, तो २९,६०० वर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटचं तेच. स्टेंट काही बाजारातून गायब झाले नाहीत. आणि दुसरं कोविड. २१ मे २०२० ला महाराष्ट्र सरकारने खाजगी हॉस्पिटलांचे ८० टक्के बेड ताब्यात घेऊन दर लावले, वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पुढच्या वर्षी शहरांचे गट करून लहान गावांत त्याहून कमी केले. ऑडिटर बसवले, डिस्चार्जआधी बिलं तपासली, जास्त घेतलेले पैसे काही ठिकाणी परत करायला लावले. पळवाटा होत्या, पीपीई किट आणि महागडी औषधं बाहेर ठेवल्यामुळे त्यातून वसुली झाली, लोकांचे दागिने गेले ते मी विसरलेले नाही. तरीपण एक गोष्ट सिद्ध झाली की सरकारने मनावर घेतलं तर एका अधिसूचनेत दर लागतात. साथ संपली, अधिसूचना संपली आणि तो विषयही संपला, हे मला फार लागतं.

अर्थात एकाच गोष्टीचा दर बांधला की पैसा दुसऱ्या ओळीत सरकतो. स्टेंट स्वस्त झाला तर कॅथलॅबचा चार्ज, प्रोसिजरचा चार्ज, बलून-कॅथेटर वाढले. एनपीपीएनेच फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्लीच्या आसपासच्या चार खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासली तेव्हा काही सामानावर नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला, आणि हे सगळं छापील किमतीच्या आत, म्हणजे कायदेशीर. म्हणून पूर्ण उपचाराचं पॅकेज बांधावं लागतं, सुट्या वस्तूचं बांधून पुरत नाही.

हॉस्पिटलांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे उत्तर अर्धवट राहील. जिल्ह्याच्या गावात वीस-तीस बेडचं हॉस्पिटल चालवणारं डॉक्टर जोडपं जागेचं कर्ज, मशीनचं कर्ज, नर्सेसचे पगार, फायर ऑडिट, वीजबिल या सगळ्यातून जातं, त्यांना कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या मापाने मोजू नका. त्यांच्यावर योजनेचा तोट्यातला दर लादला तर ते योजना सोडतील किंवा हॉस्पिटल विकतील, विकत घेणारं कोण असतं ते सांगायला नको. दर बांधायचा तर खर्च नीट काढून, गावाप्रमाणे, दर एक-दोन वर्षांनी बदलणारा, आणि पैसे ठरलेल्या मुदतीत. केंद्र सरकारचे सीजीएचएसचे, म्हणजे केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, दर किती वर्षं तसेच पडून होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये कुठे ते मोठ्या प्रमाणात सुधारले, असं चालत नाही. आणि बिलातला एक भाग असा आहे ज्याचं पॅकेज कुणीच बांधत नाही, तो म्हणजे कट. पेशंट पाठवला म्हणून दिलेला हिस्सा शेवटी पेशंटच्याच बिलात बसतो. २०१७ मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला होता, माजी पोलिस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने केलेला. कायदा झाला नाही. प्रामाणिक डॉक्टरांनाच तो सगळ्यात जास्त हवा होता.

विम्याच्या गोंगाटात सरकारी हॉस्पिटलं मागे पडतात ही मला सगळ्यात गंभीर गोष्ट वाटते, कारण खाजगी दरांवर खरा दाब फक्त शेजारच्या चांगल्या सरकारी दवाखान्याचा असतो. पाच लाखांचा निर्णय झाला जून २०२३ ला. ऑगस्टमध्ये सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात बाळं होती, आणि औषधं नाहीत, माणसं कमी आहेत हे सगळ्या राज्याने ऐकलं. केसपेपर मोफत झाला तरी 'हे बाहेरून आणा' ही चिठ्ठी हातात आली तर फुकट काय राहिलं? सिंधुदुर्गातल्या लोकांना विचारा. दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जातात, कारण जवळ तसं हॉस्पिटलच नव्हतं. जानेवारी २०१८ ला गोव्याने बाहेरच्या पेशंटना फी लावली, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले आणि मग तिथे फुले योजना चालू करायची बोलणी झाली. कार्ड महाराष्ट्राचं आणि बेड गोव्याचा. कव्हर कागदावर देता येतं, हॉस्पिटल बांधावं लागतं.

शिवाय हा सगळा विमा अ‍ॅडमिट झाल्यावरचा. शुगर, बीपी, थायरॉईडच्या गोळ्या, महिन्याचा मेडिकलचा हिशोब, तपासण्या, यात घरखर्च हळूहळू पोखरला जातो आणि त्याला ना योजना लागू ना पॉलिसी. देशाच्या आरोग्य लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला, ही घट मी नाकारत नाही. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं म्हटलं होतं आणि कोविडच्या त्या वर्षातसुद्धा तो १.८४ होता.

तुमच्या प्रश्नातलं 'विमा की दर' यात मला विचाराल तर आधी दर. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा आहे, महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही, आपण १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावरच चालतो. त्या कायद्याच्या २०२१ च्या नियमांत दरपत्रक दर्शनी जागी लावायचं आणि रुग्णहक्कांची सनद लावायची हे आहे, पण दर किती असावा हे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला सुनावलं होतं की दर ठरवा, नाहीतर तोपर्यंत सीजीएचएसचे दर लावायचा विचार आम्ही करू. पुढच्या वर्षी हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून औषध घ्यायची सक्ती करतात या प्रकरणात मात्र कोर्टाने निर्णय राज्यांवर सोपवला. म्हणजे चेंडू विधानसभेतच आहे. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की कार्ड कितीचं ते विचारू नका, वीस नेहमीच्या ऑपरेशनांचे दर बांधणारा कायदा आणणार का ते विचारा, आणि त्याचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का तेही विचारा.

आता तुमच्या पावणेदोन लाखांचं. सगळ्या पावत्या एकत्र करा, डिपॉझिटच्या, मेडिकलच्या, ब्लड बँकेच्यासुद्धा. हॉस्पिटलकडून फायनल बिल ओळीवार मागा, फक्त एकूण आकडा चालणार नाही. वडिलांची केस योजनेत मंजूर झाली होती का आणि कुठल्या तारखेला हे आरोग्यमित्राकडून लेखी घ्या, कारण मंजुरीनंतर घेतलेले पैसे परत मागायला सोपे जातात. मग योजनेच्या १५५३८८ या नंबरवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या आणि तोच अर्ज जिल्ह्याच्या योजनेच्या समन्वयकाकडे द्या, पोच घेतल्याशिवाय निघू नका. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर वेगळा रस्ताही आहे, १० टक्के बेड निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार या मर्यादा आहेत, तहसीलदाराचा दाखला लागेल, अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. वडिलांच्या नावाने वेगळी मेडिक्लेम असेल आणि कंपनीने कापलं असेल तर विमा लोकपालाकडे जा, पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायला हवं.

आणि त्या रात्री सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्या. त्यात नेमकं काय लिहिलंय, योजनेची माहिती दिली होती असं त्यात आहे का, आणि सहीची वेळ मंजुरीच्या आधीची आहे की नंतरची, एवढं मला कळवा, तक्रारीचा मजकूर त्यावरून ठरवू.